स्त्रियांवरील हिंसाचार : राज्याचे उत्तरदायित्व कोठपर्यंत?

२६ मार्च १९७२ च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीला व तिच्या नातलगांना एका तक्रारीच्या चौकशीसाठी बोलाविण्यात आले. जबाब झाल्यावर इतरांना बाहेर पाठविण्यात आले; मुलीला मात्र थांबवून घेण्यात आले. पुढे ठाण्याच्या आवारातच तिच्यावर अत्याचार झाल्याची फिर्याद दाखल झाली आणि आरोपी म्हणून त्याच ठाण्यातील दोघा पोलिसांची नावे आली. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोघांनाही निर्दोष सोडले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. भीतीपोटी पत्करलेली शरणागती म्हणजे संमती नव्हे, असे उच्च न्यायालयाचे म्हणणे होते. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोघांना मुक्त केले. अंगावर इजेच्या खुणा नसणे ही गोष्ट तेथे संमतीची निदर्शक मानली गेली.

हा निर्णय ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ओळखला जातो. देसाईगंज आता गडचिरोली जिल्ह्यात आहे. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार व वसुधा धगमवार या चार कायदेपंडितांनी भारताच्या सरन्यायाधीशांना एक खुले पत्र लिहिले. रात्रीच्या वेळी ठाण्यात अडकून पडलेल्या गरीब मुलीने पोलिसांना विरोध करावा, तो अंगावरच्या जखमांनी सिद्धही करावा, ही अपेक्षा कोणत्या न्यायात बसते, असा त्या पत्राचा रोख होता. ८ मार्च १९८० रोजी मुंबई, दिल्ली, नागपूर आदी शहरांत स्त्रियांनी मोर्चे काढले. अखेर १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. पोलीस, तुरुंग वा रुग्णालय यांच्या ताब्यातील स्त्रीवरील बलात्कार हा स्वतंत्र व अधिक गंभीर गुन्हा ठरला. अशा प्रकरणी शरीरसंबंध सिद्ध झाला आणि आपली संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, की संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, अशी तरतूद भारतीय पुरावा अधिनियमात आली.

या प्रकरणात राज्याचा संबंध शोधावा लागत नव्हता. आरोपी शासनाचे सेवक होते, जागा शासनाची होती आणि मुलगी शासनाच्या ताब्यात होती. तथापि स्त्रियांच्या वाट्याला येणारी बहुसंख्य हिंसा अशी नसते. ती नवऱ्याकडून, सासरच्या मंडळींकडून, ओळखीच्या पुरुषाकडून, कामाच्या जागी वरिष्ठाकडून होते. राज्याचा कोणताही सेवक तिथे हजर नसतो. मग अशा हिंसेबद्दल राज्याला जबाब विचारता येईल काय? मानवी हक्कांच्या कायद्याने गेल्या चार दशकांत या प्रश्नाचे जे उत्तर घडविले, ते समजून घेण्यासारखे आहे.

खाणीच्या व्यवस्थापकापासून घरातल्या स्त्रीपर्यंत

जुन्या आंतरराष्ट्रीय कायद्याचा व्यवहार राज्याराज्यांमधला असे. नागरिकाने नागरिकाला मारले तर तो त्या देशाच्या फौजदारी न्यायालयाचा विषय. त्यात दुसऱ्या कोणी लक्ष घालण्याचे कारण नव्हते. याला एक अपवाद मात्र फार पूर्वीपासून होता आणि तो उद्बोधक आहे. परकीय माणसाला इजा झाली आणि स्थानिक शासनाने गुन्हेगाराला पकडण्याची खटपटच केली नाही, तर त्या हलगर्जीपणाची भरपाई शासनाला करावी लागे. मेक्सिकोतील एका खाणीवर १९१८ मध्ये एका अमेरिकन व्यवस्थापकाचा खून झाला. खुनी कोण हे सर्वांना ठाऊक असून तो हाती लागला नाही. १९२५ मध्ये लवादाने मेक्सिकोला बारा हजार डॉलर भरण्यास सांगितले. खून मेक्सिकोच्या सरकारने केला नव्हता. खुनानंतर जे करावयास हवे होते ते त्याने केले नाही, एवढाच त्याचा दोष होता. ‘यथोचित तत्परता’ या कल्पनेचे मूळ अशा निर्णयांत आहे. परदेशी व्यापाऱ्याला व अभियंत्याला जे संरक्षण १९२५ मध्ये मिळाले, ते स्वतःच्याच देशातील, स्वतःच्याच घरातील स्त्रीपर्यंत पोहोचण्यास आणखी पाऊणशे वर्षे लागली.

मधला टप्पा मध्य अमेरिकेतील होंडुरासचा. सप्टेंबर १९८१ मध्ये तेथील राजधानीतून एक विद्यार्थी दिवसाढवळ्या पळविला गेला व पुन्हा दिसला नाही. २९ जुलै १९८८ रोजी आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने या प्रकरणी होंडुरासला दोषी धरले. पळविणारी माणसे सरकारी यंत्रणेशी संबंधित होती असाच न्यायालयाचा निष्कर्ष होता. परंतु न्यायालय तेवढ्यावर थांबले नाही. कृत्य खाजगी व्यक्तीचे असले किंवा कर्ता कोण हे कळलेच नाही, तरी ते टाळण्यासाठी अथवा घडल्यावर त्याचा तपास व शासन करण्यासाठी राज्याने यथोचित तत्परता दाखविली नसेल, तर राज्य उत्तरदायी ठरते, असा दंडक या निकालाने घालून दिला. या खटल्यात स्त्रियांचा प्रश्न कोठेही नव्हता. तरीही स्त्रियांवरील हिंसाचाराविषयी पुढे जे जे निर्णय झाले, त्यांची उभारणी बव्हंशी याच दंडकावर झाली आहे.

करारातील एक उणीव

स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावांच्या निर्मूलनाचा करार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १८ डिसेंबर १९७९ रोजी स्वीकारला. ‘सीडॉ’ या संक्षिप्त नावाने तो प्रसिद्ध आहे. शिक्षण, नोकरी, मतदान, विवाह, आरोग्य अशा सर्व क्षेत्रांत समानतेची हमी देणाऱ्या या करारात स्त्रियांवरील हिंसेचा स्पष्ट उल्लेख मात्र नाही. देसाईगंजविषयीचे पत्र त्याच वर्षीच्या सप्टेंबरातले. म्हणजे भारतातील चार अध्यापकांना व अभ्यासकांना जे दिसले, ते तीन महिन्यांनी मंजूर झालेल्या जागतिक करारात शब्दाने उतरले नव्हते.

ही उणीव कराराच्या देखरेख समितीने १९९२ मध्ये भरून काढली. सर्वसाधारण शिफारस क्रमांक १९ अन्वये समितीने स्पष्ट केले की, लिंगाधारित हिंसा हा भेदभावाचाच प्रकार होय, आणि खाजगी व्यक्तींनी केलेल्या हिंसेला आळा घालण्यात, तिचा तपास व शिक्षा करण्यात आणि पीडितेला भरपाई देण्यात राज्य तत्परता दाखविणार नसेल, तर तेही उत्तरदायी ठरू शकते. १९९३ च्या डिसेंबरात आमसभेने स्त्रियांवरील हिंसाचाराच्या निर्मूलनाची घोषणा केली. १९९४ मध्ये अमेरिका खंडातील राष्ट्रांनी ब्राझीलमधील बेलेम दो पारा येथे याच विषयावरचा पहिला बंधनकारक करार केला. २०१७ च्या शिफारस क्रमांक ३५ मध्ये समितीने आणखी एक पाऊल टाकले. अशा हिंसेची मनाई हा आता रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याचा दंडक झाला आहे, असे तिने म्हटले. कागद पुष्कळ झाले. कागदाचा अर्थ मात्र प्रत्यक्ष प्रकरणांतून उमगतो.

फोर्तालेझाची औषधनिर्माती

ब्राझीलच्या ईशान्येकडील फोर्तालेझा शहरातील मारिया दा पेन्हा या व्यवसायाने औषधनिर्मात्या. मे १९८३ मध्ये त्या झोपेत असताना त्यांच्या पतीने त्यांच्यावर बंदूक झाडली. घरात चोर शिरले होते, असा बनाव त्याने रचला. मारिया वाचल्या, पण कंबरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. रुग्णालयातून घरी परतल्यावर त्याने स्नानगृहात विजेचा धक्का देऊन त्यांना मारण्याचा पुन्हा प्रयत्न केला.

यानंतर जे घडले ते कोणत्याही देशातील न्यायालयांच्या पायऱ्या झिजविणाऱ्या स्त्रीला ओळखीचे वाटेल. पती १९९१ मध्ये दोषी ठरला. अपिलात तो खटला रद्द झाला. १९९६ मध्ये तो पुन्हा दोषी ठरला. पुन्हा अपील झाले. दरम्यान तो मोकळाच फिरत होता. १९९४ मध्ये मारिया यांनी आपली हकीकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. १९९८ मध्ये दोन संघटनांच्या साहाय्याने त्यांनी आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाकडे अर्ज केला. आयोगाने विचारणा केली असता ब्राझीलच्या शासनाने उत्तरही दिले नाही.

२००१ मध्ये आयोगाने निर्णय दिला. त्याचे महत्त्व दोन बाबतींत आहे. पंधरा वर्षांहून अधिक काळ अंतिम निकाल न लागणे हा आयोगाच्या दृष्टीने केवळ न्यायालयीन विलंब नव्हता. तो स्त्रीच्या हक्काचा भंग होता. आणि हे एकाच स्त्रीचे दुर्दैव नसून घरगुती हिंसेकडे काणाडोळा करण्याची शासनव्यवस्थेची सवयच यातून प्रकट होते, असे आयोगाने नोंदविले. अशा सवयीमुळे मारणाऱ्याला आपले कोणी काही करणार नाही असा भरवसा वाटतो आणि मार खाणारीला आपले कोणी ऐकणार नाही असा. फौजदारी कारवाईची मुदत संपण्यास थोडाच अवधी उरला असता २००२ मध्ये पतीला अटक झाली. ऑगस्ट २००६ मध्ये ब्राझीलने घरगुती हिंसाचाराविरुद्ध स्वतंत्र कायदा संमत केला. तो ‘मारिया दा पेन्हा कायदा’ म्हणूनच ओळखला जातो.

सात वार आणि हप्त्यांचा दंड

युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ९ जून २००९ रोजी दिलेला ‘ओपुझ विरुद्ध तुर्कस्तान’ हा निकाल याहून बारकाईने वाचण्यासारखा आहे. कारण राज्याला नेमके कोणत्या क्षणी काय करता आले असते, याचा हिशेब त्यात आढळतो. तुर्कस्तानातील दियारबाकीर येथील एक स्त्री व तिची आई यांना त्या स्त्रीच्या पतीने १९९५ पासून वारंवार मारहाण केली. १९९८ मध्ये त्याने दोघींच्या अंगावर मोटार घातली. २००१ मध्ये त्याने पत्नीवर चाकूचे सात वार केले. त्याला झालेली शिक्षा म्हणजे दंड, आणि तोही आठ हप्त्यांत भरण्याची सवलत! प्रत्येक प्रसंगी वैद्यकीय दाखले होते, पोलिसांत नोंदी होत्या. प्रत्येक वेळी थोड्या दिवसांनी दोघी तक्रार मागे घेत आणि प्रकरण मिटविले जाई.

फेब्रुवारी २००२ च्या अखेरीस आईने सरकारी अभियोक्त्याकडे अर्ज केला : जावई जिवावर उठला आहे, त्याला आवरा. त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी, ११ मार्च रोजी, घरातले सामान मालवाहू गाडीत भरून ती दुसऱ्या शहरी निघाली असता वाटेत जावयाने गाडी थांबविली आणि तिला गोळी घातली.

तुर्कस्तानच्या शासनाचा बचाव सोपा होता. तक्रार त्या स्त्रियांनीच मागे घेतली. पती-पत्नीच्या खाजगी जीवनात शासनाने किती ढवळाढवळ करावयाची? न्यायालयाने तो मान्य केला नाही. तक्रार मागे घेतली गेली एवढ्याने शासनाचे कर्तव्य संपत नाही; ती का मागे घेतली गेली, तिच्यामागे धमकी आहे काय, याची चौकशी करणे हाच त्या कर्तव्याचा भाग आहे. गुन्हा गंभीर असेल, हिंसा पुन्हा होण्याचा संभव असेल, तर तक्रारदार मागे हटली तरी कारवाई चालू ठेवणे लोकहिताचे असते. जगण्याचा हक्क, अमानुष वागणुकीपासून मुक्ततेचा हक्क आणि समानतेचा हक्क या तिन्हींचा भंग झाला, असे न्यायालयाने ठरविले. घरगुती हिंसेकडे दुर्लक्ष करणे हा स्त्रियांविरुद्धचा भेदभाव आहे, असे या न्यायालयाने येथे प्रथमच म्हटले. आपल्याकडील ‘आपसांत मिटवा’ या सल्ल्याशी हा भाग ताडून पाहण्याजोगा आहे. ठाण्यात दिला जाणारा हा सल्ला बहुधा सद्हेतूनेच दिला जातो. पण समेटासाठी बसलेल्या दोघांपैकी एकाच्या मनात भीती असेल, तर त्याला समेट म्हणता येत नाही.

तुर्कस्तानच्या कथेचा पुढचा भागही सांगावयास हवा. २०११ मध्ये युरोपीय परिषदेने या विषयावरचा करार इस्तंबूल शहरात स्वाक्षऱ्यांसाठी खुला केला आणि २०१२ मध्ये त्याला पहिली मान्यता तुर्कस्ताननेच दिली. १ जुलै २०२१ पासून तोच देश त्या करारातून बाहेर पडला.

कायदा चांगला, तरीही दोष

राज्याने उत्तम कायदा केला की त्याची जबाबदारी संपली, असा समज सर्वत्र आढळतो. ऑस्ट्रियाचे उदाहरण या समजाला छेद देते. मारहाण करणाऱ्या पुरुषालाच घराबाहेर काढण्याचा अधिकार पोलिसांना देणारा कायदा तेथे १९९७ पासून होता आणि तो इतर देशांना आदर्श वाटे. डिसेंबर २००२ मध्ये व्हिएन्नात एका स्त्रीने मृत्यूच्या काही तास आधी पोलिसांच्या तातडीच्या क्रमांकावर दूरध्वनी केला. गस्तीची गाडी पाठविली गेली नाही. त्या घरातील पूर्वीची भांडणे, धमक्या, बंदूक बाळगण्यास पतीला केलेली मनाई या साऱ्याची माहिती शासनाच्या दप्तरी होती. २००७ मध्ये सीडॉ समितीने ऑस्ट्रियाला उत्तरदायी धरले. कायदा होता, हे समितीने मान्य केले. त्या रात्री तो कायदा ज्यांच्या हाती होता त्यांनी काय केले, हाच प्रश्न तिने विचारला.

हंगेरीच्या बाबतीत २००५ मध्ये समितीसमोर आलेली अडचण वेगळी होती. मारहाणीला कंटाळलेल्या स्त्रीला घर सोडावयाचे होते. परंतु तिच्या एका मुलाला गंभीर अपंगत्व होते आणि अशा मुलाला आईसह ठेवून घेईल असे एकही आश्रयगृह देशात नव्हते. ही उणीवही राज्याच्याच खाती मांडली गेली.

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील कॅसल रॉक या गावी जून १९९९ मध्ये एका पित्याने न्यायालयाचा मनाई आदेश मोडून आपल्या तीन मुलींना नेले. आईने रात्रभर पोलिसांना पुनःपुन्हा दूरध्वनी केले, स्वतः ठाण्यातही गेली. ‘थोडी वाट पाहा’ असेच उत्तर तिला मिळत राहिले. पहाटे तो पिता पोलीस ठाण्यावर गोळीबार करीत आला व मारला गेला. त्याच्या गाडीत तिन्ही मुली मृत आढळल्या. मनाई आदेशाची अंमलबजावणी करवून घेण्याचा वैयक्तिक हक्क आईला नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ठरविले. २०११ मध्ये आंतर-अमेरिकी आयोगाने याच्या उलट मत दिले. श्रीमंत आणि सुसज्ज राज्यही यातून सुटत नाही, हे त्यावरून ध्यानात येते.

येथे एक मर्यादा सांगणे अवश्य आहे. घराघरांत घडणाऱ्या प्रत्येक मारहाणीबद्दल राज्य दोषी आहे, असे कायदा म्हणत नाही; तसे म्हटले तर कोणतेच राज्य टिकणार नाही. युरोपीय न्यायालयाने १९९८ मध्ये ब्रिटनविरुद्धच्या एका खटल्यात ठरविलेली कसोटी अशी : विशिष्ट व्यक्तीच्या जिवाला खरा व नजीकचा धोका आहे हे अधिकाऱ्यांना माहीत होते काय, किंवा माहीत असावयास हवे होते काय; आणि असल्यास, आपल्या अधिकारात जे वाजवी उपाय होते ते त्यांनी योजले काय? फळाची हमी राज्याकडून मागितलेली नाही. प्रयत्नाची मात्र मागितली आहे, आणि प्रयत्न झाला की नाही हे कागदपत्रांवरून तपासता येते. म्हणूनच या सर्व खटल्यांत पोलीस ठाण्यांची दैनंदिनी, दूरध्वनींच्या नोंदी, डॉक्टरांचे दाखले यांना एवढे महत्त्व आले.

भारताने स्वीकारलेले दायित्व

भारताने सीडॉ करारावर १९८० मध्ये स्वाक्षरी केली आणि ९ जुलै १९९३ रोजी त्याला मान्यता दिली. ती देताना एक निवेदन जोडलेले आहे : विवाह, कुटुंब आणि रूढी यांसंबंधीच्या तरतुदी पाळताना कोणत्याही समाजाच्या पुढाकाराशिवाय व संमतीशिवाय त्याच्या खाजगी बाबींत हस्तक्षेप न करण्याच्या धोरणाशी त्या सुसंगत ठेवल्या जातील. करारभंगाची तक्रार व्यक्तीला थेट समितीकडे नेता यावी यासाठी १९९९ मध्ये जो वैकल्पिक पूरक करार झाला, त्यात भारत सहभागी नाही. ऑस्ट्रिया वा हंगेरीतील स्त्रीला जी वाट खुली होती, ती भारतीय स्त्रीला नाही. त्यामुळे सारा भार देशातील न्यायालयांवर व शासकीय यंत्रणेवर पडतो.

न्यायालयांनी तो उचलला, ही समाधानाची गोष्ट होय. राजस्थानातील भटेरी गावी शासनाच्याच महिला विकास कार्यक्रमात ‘साथीण’ म्हणून काम करणाऱ्या एका स्त्रीने बालविवाहाला विरोध केला. त्याचा सूड म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक अत्याचार झाल्याची फिर्याद होती. त्यातून उद्भवलेल्या विशाखा प्रकरणात १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. देशात त्या विषयावर कायदा नसल्याने, भारताने मान्य केलेल्या सीडॉ कराराच्या आधारे संविधानाच्या १४, १५, १९ व २१ या अनुच्छेदांचा अर्थ लावता येतो, असे न्यायालयाने म्हटले. करारातील शब्द अशा रीतीने भारतीय स्त्रीच्या मूलभूत हक्कांत विलीन झाला. त्यावर संसदेचा कायदा होण्यास मात्र २०१३ साल उजाडले.

२००० सालचा एक निर्णय तुलनेने कमी चर्चिला गेला आहे. हावडा स्थानकावरील रेल्वेच्या यात्रीनिवासात एका बांगलादेशी स्त्रीवर सामूहिक बलात्कार झाला. आरोपींत रेल्वेचे कर्मचारी होते. कर्मचाऱ्यांचे ते वैयक्तिक कृत्य आहे, रेल्वेचा काय संबंध, आणि परकीय स्त्रीला मूलभूत हक्क कसले, असे मुद्दे मांडले गेले. सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळून दहा लाख रुपयांची भरपाई कायम केली. जगण्याचा हक्क ‘व्यक्ती’ला दिलेला आहे, केवळ नागरिकाला नव्हे.

घरातील हिंसेच्या दृष्टीने १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत आलेले कलम ४९८-अ हे पहिले मोठे पाऊल. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांनी घेतली आहे. तथापि शिक्षा ही घटनेनंतरची गोष्ट. त्या रात्री स्त्रीने कोठे राहावयाचे, तिला घराबाहेर काढले जाऊ नये म्हणून काय करावयाचे, याचे उत्तर कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ याने दिले. २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आलेल्या या कायद्याखाली न्यायदंडाधिकारी संरक्षणाचा, निवासाचा, पोटगीचा व मुलांच्या ताब्याचा आदेश देऊ शकतात. अर्जाची पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत ठेवावयाची आणि साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावयाचा, असे कायदा सांगतो. संरक्षण अधिकाऱ्याने कौटुंबिक घटना अहवाल तयार करावयाचा, वैद्यकीय मदत व आश्रयगृह मिळवून द्यावयाचे. आणि कलम ३३ असे की, न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाप्रमाणे कर्तव्य बजावण्यात संरक्षण अधिकारी सबळ कारणाविना चुकला, तर त्याला एक वर्षापर्यंत कारावास अथवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. यासाठी राज्य शासनाची पूर्वमंजुरी लागते, हे खरे. परंतु आंतरराष्ट्रीय निवाड्यांतील यथोचित तत्परता भारतीय कायद्याने एका पदाच्या नावाने लिहून ठेवली, हे लक्षणीय आहे.

२०१३ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने अवघ्या एकोणतीस दिवसांत आपला अहवाल सादर केला. विशाखा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती तेच. नव्या कायद्यांची उणीव नसून शासनव्यवहाराचे अपयश हेच मूळ दुखणे आहे, अशा आशयाचे समितीचे निदान होते. त्यानंतरच्या दुरुस्तीने लैंगिक गुन्ह्यांची खबर नोंदविण्यास नकार देणारा लोकसेवक स्वतः गुन्हेगार ठरू लागला; किमान सहा महिने व कमाल दोन वर्षे कारावासाची ही तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ मध्ये आहे. पतीकडून होणाऱ्या क्रूरतेचे कलम मात्र तिच्या यादीत नाही. वैवाहिक बलात्काराचा अपवाद काढून टाकण्याची वर्मा समितीची शिफारसही स्वीकारली गेली नाही. पत्नी अठरा वर्षांखालील नसेल तर तो अपवाद नव्या संहितेतही कायम आहे.

ठाण्याच्या टेबलापाशी

महाराष्ट्रात या दिशेने काही आरंभ इतर राज्यांच्या पुष्कळ आधी झाले. मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्तीने पोलीस ठाण्याच्या आवारातच बसावे, ही त्यामागील कल्पना होती. ज्या जागेची स्त्रीला भीती वाटते तेथेच तिच्या बाजूचे माणूस असावे, हा विचार त्या काळी नवा होता. पुढे राज्याच्या इतर जिल्ह्यांतही असे कक्ष निघाले. १९९३ मध्ये राज्य महिला आयोग स्थापन झाला, १९९४ मध्ये राज्याचे पहिले महिला धोरण जाहीर झाले. वांद्रे येथील भाभा रुग्णालयात २००१ च्या सुमारास ‘दिलासा’ केंद्र उघडले. कारण मार खाल्लेली स्त्री ठाण्यात गेली नाही तरी जखम बांधून घेण्यास रुग्णालयात येतेच.

ती ठाण्यात येत नाही, हे आकडेही सांगतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९ टक्क्यांहून अधिक स्त्रियांनी पतीकडून हिंसा अनुभवली होती. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २५ टक्के होते. त्याच पाहणीत, हिंसा सोसलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक स्त्रियांनी कोणाची मदत घेतली नव्हती वा कोणाला सांगितलेही नव्हते. राज्याला ‘माहीत होते काय’ ही कसोटी येथे अडखळते. न सांगितलेली हिंसा माहीत होणार कशी? यावर एवढेच म्हणता येईल की, सांगून काही उपयोग झाल्याचे शेजारणीला दिसले तरच दुसरी सांगावयास येते.

संरक्षण अधिकाऱ्यांचा प्रश्न तर साधा हिशेबाचा आहे. अनेक ठिकाणी हे काम मूळ पदाच्या कामाखेरीज अतिरिक्त म्हणून सोपविलेले असते. ज्याच्याकडे आधीच अंगणवाड्यांची तपासणी, बैठका व योजनांचे अहवाल आहेत, त्याने तीन दिवसांच्या सुनावणीपूर्वी घटना अहवाल कसा तयार करावा? मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना निर्देश द्यावे लागले की, जेथे संरक्षण अधिकारी नेमलेले नाहीत तेथे जिल्हा व तालुका पातळीवरील अधिकारी ठराविक मुदतीत या कामासाठी नियुक्त करावेत. कायदा अमलात आल्यास तेव्हा अठरा वर्षे उलटून गेली होती.

ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी येणारी स्त्री बहुधा एकटी नसते. भाऊ, आई किंवा शेजारीण बरोबर असते, आणि पुष्कळदा मूल कडेवर असते. दखलपात्र गुन्ह्याची खबर असेल तर ती नोंदविणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ठरविले. वैवाहिक व कौटुंबिक वादांत आधी प्राथमिक चौकशी करण्याची मुभा त्याच निकालात आहे. पण चौकशीला मुदत आहे, आणि केलेल्या चौकशीची नोंद ठाणे दैनंदिनीत होणे आवश्यक आहे. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतील आहे या कारणास्तव तिला परत पाठविता येत नाही. तशी खबर नोंदवून नंतर योग्य ठाण्याकडे पाठवावयाची असते. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली तिला संरक्षण अधिकारी, सेवा देणाऱ्या संस्था व मोफत विधी साहाय्य यांची माहिती देणे हेही पोलिसांचे कर्तव्य आहे. स्त्रियांना हे विधी साहाय्य उत्पन्नाची अट न लावता मिळते आणि त्यासाठी तालुका वा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो. स्वतः पीडितेनेच यावे असेही बंधन नाही. शेजारी, शिक्षिका, आशा कार्यकर्ती, कोणीही संरक्षण अधिकाऱ्यास माहिती देऊ शकते आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल त्या व्यक्तीवर कसलेही दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही. महिलांसाठीचा साहाय्य क्रमांक १८१ आणि पोलिसांच्या तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२ आहे.